कणकेच्या यंत्रातले आजोबा

आजोबा गादी विकायला लागले, तेव्हा शाल्मली पोहे खात होती.

शनिवारची सकाळ होती. आजोबा त्यांची आवडती आठवण सांगत होते. "वेध यानाकडून गुरूच्या चंद्राचं पहिलं छायाचित्र आलं ना, तेव्हा आम्ही सगळे..." एवढं झालं आणि त्यांच्या खांद्यावरचा राघू अडखळला. त्याचा हिरवा दिवा फडफडला. मग तो खणखणीत आवाजात म्हणाला, "पाठदुखीला रामराम! आजच घरी आणा ढगासारखी मऊ गादी! सोबत उशी अगदी मोफत!"

शाल्मलीचा चमचा हवेतच राहिला.

आजोबांनी डाव्या हातानं राघूला टिचकी मारली. राघू क्षणभर गप्प बसला आणि मग जसं काही झालंच नाही अशा साळसूदपणे म्हणाला, "...आम्ही सगळे टेबलावर चढून नाचलो होतो."

"आजोबा, तुम्ही गाद्या कधीपासून विकायला लागलात?" शाल्मली फिसकन हसली.

आजोबा मात्र हसले नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

आता, आजोबा एक आणि बोलणारा राघू दुसरा, हे काय गौडबंगाल आहे, ते आधी सांगायला हवं.

शाल्मलीचे आजोबा, म्हणजे डॉक्टर मुकुंद परतूरकर, औषधं देणारे डॉक्टर नव्हते. ते अवकाशयानांचे शास्त्रज्ञ होते. निवृत्त होऊन जालन्याला मुलीकडे राहायला आले आणि वर्षभरातच त्यांना पक्षाघात झाला (मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की त्या भागाचं काम बंद पडतं, तो आजार). उजवा हात पुढे बराचसा सुधारला. पण शब्दांची मात्र दाणादाण उडाली. आजोबांना समोरच्याचं सगळं कळायचं. मनात विचारही अगदी नीट तयार व्हायचा. तोंडापर्यंत येता येता मात्र त्या विचाराचे कपडे बदलायचे. चहा हवा असला की ते 'टोपी' म्हणत. ग्रहांना 'गोट्या'. सदा घाईत असणाऱ्या आपल्या मुलीला, सुलूला, ते 'इंजिन' म्हणत. आणि शाल्मली? ती होती 'शेव'.

असे चार-पाच शब्द घरच्यांना पाठ झाले. पण माणूस काय चार-पाच शब्दांत जगतो? त्याला भांडायचं असतं, चेष्टा करायची असते, जुन्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगायच्या असतात. त्यासाठी राघू आला. राघू म्हणजे तळहाताएवढा एक यंत्रमानव. तो खांद्यावर बसे, आजोबांचे ओठ बघे, डोळे बघे, बोटांची हालचाल बघे, तोंडून आलेला आवाज ऐके, आणि त्यांना काय म्हणायचं आहे ते स्वच्छ मराठीत सांगे.

पण हे सगळं तो कारखान्यातून शिकून आला नव्हता. पहिल्या दिवशी आजोबांनी 'टोपी' म्हटल्यावर त्यानं खरंच टोपी मागितली होती. त्याला शिकवलं ते आजीनं. ती रोज आजोबांसमोर बसायची आणि राघूला दटावायची, "अरे शहाण्या, भुवई वर करून 'फळी' म्हणाले तर ते रागावलेत. डोळे मिटून म्हणाले तर थकलेत. कळलं का?" आजीनं आजोबांबरोबर सारा संसार केला होता, त्यामुळे तिला सगळंच माहीत होतं. असं करत करत राघूला हजारो गोष्टी कळायला लागल्या.

दोन वर्षांपूर्वी आजी गेली. आता राघूइतकं आजोबांना ओळखणारं घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

म्हणूनच आजोबांचा चेहरा पांढरा पडला होता.

"शेव," ते म्हणाले आणि राघूनं लगेच पुढचं सांगितलं, "शाल्मली, ते गादीचं मी बोललो नाही. माझ्या तोंडून दुसरंच कुणीतरी बोललं. आधी घरातलं वायफाय बंद कर."

शाल्मली पळत जाऊन बटण बंद करून आली. "म्हणजे राघूमध्ये कुणी शिरलं होतं? भूत?"

"भूत परवडलं. ते निदान गाद्या विकत नाही." आजोबांच्या डोळ्यांत आता जरा मिश्कीलपणा परतला होता. "बस इथं. राघूच्या आत एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे (यंत्रातली सगळी कामं शिस्तीत चालवणारी मूळ व्यवस्था). तुझ्या शाळेत गणित कोण शिकवतं?"

"कुंभार बाई."

"आणि घंटा कधी वाजणार, कुठला वर्ग कुठल्या खोलीत बसणार, किल्ल्या कुणाकडे, फाटकातून कुणाला आत सोडायचं, हे बाई ठरवतात का?"

"छे! ते ऑफिसातून ठरतं."

"राघूमध्ये ते ऑफिस म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. माझं बोलणं ओळखणारा भाग म्हणजे कुंभार बाई. बाई कितीही हुशार असल्या आणि ऑफिसनं फाटक सताड उघडं ठेवलं, तर वर्गात गादीवाला शिरणारच."

"पण मग ऑफिसनं फाटक उघडं का ठेवलं?"

"मुद्दाम नाही ठेवलं. ही व्यवस्था जुनी आहे. प्रत्येक व्यवस्थेत कुठंतरी एखादी कडी सैल राहतेच. ती चोरांना सापडते, मग बनवणारे दुरुस्ती पाठवतात. राघूची व्यवस्था इतकी जुनी झाली, की तिच्यासाठी दुरुस्त्या येणंच आता बंद झालंय."

शाल्मलीला एकदम आठवलं. राघूच्या पोटावरच्या चिमुकल्या पडद्यावर कितीतरी आठवडे एक ओळ येत होती : 'नवी व्यवस्था तयार आहे. बसवायची का?' आणि घरातलं प्रत्येक जण ती ओळ बोटानं बाजूला सारत होतं. "मग अपग्रेड करू या की! (अपग्रेड म्हणजे जुनी व्यवस्था काढून तिच्या जागी नवी बसवणं.) हे बघा, इथं 'हो' लिहिलंय. दाबू?"

"ऑऽऽ!"

आजोबा इतक्या जोरात ओरडले, की राघूला त्याचं मराठी करावंच लागलं नाही. शाल्मलीनं बोट मागे घेतलं.

"घराला रंग द्यायला रंगारी येतो," आजोबा हळूहळू सांगायला लागले. "माणूस चांगला असतो. काम स्वच्छ करतो. पण दाराच्या चौकटीशी तुझ्या आईनं दर वाढदिवसाला पेन्सिलनं तुझी उंची लिहून ठेवलीय, ते त्याला कुठं ठाऊक? त्याच्या लेखी ते डाग. एक हात फिरवला की गेलं. नवी व्यवस्थाही तशीच. ती आत येते, जागा साफ करते, आपलं बस्तान मांडते. बहुतेक वेळा जुनं सामान सांभाळून ठेवते. पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नव्हे."

"आणि नाही ठेवलं तर?"

आजोबांनी डावा हात राघूच्या पाठीवरून फिरवला. मग राघू हलक्या आवाजात बोलला. "तर मी पुन्हा टोपी मागेन, आणि मला टोपीच मिळेल. या वेळी राघूला शिकवायला तुझी आजी नाही."

शाल्मली राघूच्या पडद्यापासून मागे सरकली.

"म्हणून आधी बॅकअप," आजोबा म्हणाले (बॅकअप म्हणजे राखीव प्रत. यंत्रात जे साठलं आहे ते जसंच्या तसं दुसरीकडे काढून ठेवायचं, म्हणजे इथलं पुसलं गेलं तरी तिथलं उरतं). "कपाटात काळी डिस्क आहे, ती आण."

शाल्मलीनं डिस्क आणली. काडेपेटीएवढी ती डबी तिनं राघूला जोडली. पडद्यावर 'आजोबांची भाषा' नावाचा पिवळा कप्पा दिसला. तिनं तो बोटानं उचलला, डिस्कवर नेऊन सोडला. टिंग! 'प्रत पूर्ण झाली.'

"झालंसुद्धा!" शाल्मली म्हणाली.

"उगवून बघितलीस का?"

"म्हणजे?"

"प्रत जिवंत आहे का? दुसऱ्या कुठल्यातरी यंत्रात घालून चालवून बघ."

आता दुसरं यंत्र कुठून आणायचं? शाल्मलीनं घरभर नजर फिरवली. पंखा, फ्रिज, धुलाई यंत्र... आणि तिची नजर ओट्यावर थांबली. तिथं कणीक मळायचं यंत्र होतं. लालभडक, गोलमटोल, अंगाखांद्यावर पीठ माखलेलं. त्याला एक डोळा होता, कणीक सैल आहे की घट्ट ते बघायला. 'पाणी घाला', 'कणीक तयार आहे' असं सांगायला त्याला आवाजही होता. शिवाय ते राघूच्याच कारखान्यात जन्मलेलं होतं, त्यामुळे दोघांच्या आतला मेंदू एकाच जातीचा.

"चालेल?" तिनं भीत भीत विचारलं.

"पळेल," आजोबा म्हणाले.

शाल्मलीनं राघूचा बोलणं ओळखणारा भाग त्या यंत्रात चढवला, डिस्क जोडली आणि यंत्र उचलून आजोबांसमोर आणून ठेवलं. राघूला क्षणभर गप्प केलं. "आजोबा, पाणी मागा."

"पा... णी," आजोबा ओढूनताणून म्हणाले. हा शब्द त्यांना सरळ म्हणता यायचा.

"पाणी द्या," कणकेचं यंत्र घोगऱ्या आवाजात म्हणालं.

"औषध म्हणा!"

"औ... शद."

"औषध द्या."

शाल्मलीनं टाळ्या पिटल्या. "आलं! सगळं आलं! आता दाबू?"

आजोबांनी नकारार्थी मान हलवली. राघू पुन्हा सुरू झाल्यावर ते म्हणाले, "आमच्या वेध यानाचा एक जुळा भाऊ होता. यान गेलं गुरूकडे, जुळा राहिला आमच्या प्रयोगशाळेत, टेबलावर. यानात काहीही बदलायचं असलं की आधी जुळ्यावर. कारण तिकडे काही बिघडलं, तर जाऊन बघायची सोय नाही. आपला निरोपच प्रकाशाच्या वेगानं निघून पाऊण तासानं पोचायचा. आणि आमच्याकडे एक रीत होती. ज्यानं प्रत काढली, त्यानं तिची परीक्षा घ्यायची नाही."

"का? तो लबाडी करेल म्हणून?"

"नाही गं. तो प्रेमात पडलेला असतो. सोपे प्रश्न विचारतो आणि स्वतःच टाळ्या वाजवतो."

शाल्मलीनं हात पाठीमागे लपवले.

परीक्षक दुपारी घरी आला. परीक्षक म्हणजे शाल्मलीची आई. ती जालन्याच्या एका बियाणं तपासणी केंद्रात काम करत असे. आल्या आल्या तिला सगळी हकिकत ऐकावी लागली, एका कानात शाल्मलीची आणि दुसऱ्या कानात राघूची.

"गादी?" आई म्हणाली. "अण्णा, निदान चांगल्या कंपनीची तरी विकायची!" मग पर्स खुंटीला लावून ती कणकेच्या यंत्रासमोर बसली. "रीत बरोबर आहे तुमची. आमच्याकडेही ज्यानं पोतं भरलं, त्याला दाणे तपासायला बसवत नाहीत. चला अण्णा, मला हाक मारा."

राघू गप्प केला होता. आजोबा म्हणाले, "इंजिन."

"इंजिन," यंत्र म्हणालं.

आईनं भुवया उंचावल्या. "आता शाल्मलीला."

"शेव."

"शेव हवी आहे का?" यंत्रानं अदबीनं विचारलं. "तिखट की साधी?"

एरवी या गोष्टीवर घरात हसून हसून मुरकुंडी वळली असती. आज कुणीच हसलं नाही. शाल्मली त्या लाल यंत्राकडे बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले. "पण... पाणी आणि औषध बरोबर सांगितलं होतं त्यानं!"

"ते कुणीही सांगेल, बाळा," आई म्हणाली. "दुकानातून कालच आणलेला राघूही सांगेल. जे फक्त आपल्या राघूला येतं, ते तू विचारलंच नाहीस."

"मी दाबणार होते, आई." शाल्मली आईला बिलगली. "मी 'हो' दाबणारच होते."

आजोबांनी तिचा हात हातात घेतला. राघूला जागं केल्यावर ते म्हणाले, "पण दाबलं नाहीस ना? मग रडत बसू नकोस, शोध. केवढा आहे तो कप्पा?"

शाल्मलीनं नाक पुसत डिस्क उघडली. कप्पा जागेवर होता. नावही बरोबर होतं. पण त्याचा आकार बघितला आणि तिला नवल वाटलं. तिच्या शाळेच्या एका निबंधाएवढीसुद्धा जागा त्यानं व्यापली नव्हती! "एवढ्याशा जागेत एवढी भाषा?"

"नाहीच ती त्यात. तू उचललास तो शॉर्टकट (खरी वस्तू नव्हे, वस्तू कुठं ठेवलीय ते दाखवणारी खूण). समज, कुणी म्हणालं की आपलं घर घेऊन ये, आणि तू दारावरची पाटी काढून नेलीस."

"आणि मी पाटीलाच विचारत होते, चहा करशील का!"

"नशीब, पाटीनं हो म्हटलं नाही," आई म्हणाली, आणि मग तिघं थोडे हसले. हसल्यावर जरा बरं वाटलं.

खरा कप्पा खोलवर सापडला. तो भला थोरला होता.

"याची प्रत काढायला वेळ लागेल," आजोबा म्हणाले. "आणि तेवढा वेळ राघू गप्प राहायला हवा. मी बोलत राहिलो तर तो शिकत राहील, आणि अर्धी प्रत बोलण्याच्या आधीची, अर्धी नंतरची होईल. फोटो काढताना आपण हलतो का?"

त्यांनी स्वतःच राघूचं ऐकण्या-बोलण्याचं बटण दाबलं. हिरवा दिवा विझला. आणि आजोबा एकदम मुके झाले.

दुपार कलंडायला लागली. खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. आजोबांनी मध्येच काहीतरी म्हटलं, "नऊ... दार..." आई आणि शाल्मलीनं एकमेकींकडे बघितलं. दोघींनाही कळलं नाही. आजोबांनी हातानंच 'असू दे' म्हटलं आणि खिडकीकडे तोंड केलं. राघू नसला तर रोजच असं असेल, हा विचार मनात आला आणि शाल्मलीनं खुर्ची आजोबांच्या आणखी जवळ ओढली.

डिस्कवरचा दिवा मात्र एकसारखा लुकलुकत होता.

"आई, त्या डबीत आता नक्की काय जातंय गं? शब्द?"

"शब्दसुद्धा नाही," आई म्हणाली. आजोबांकडूनच ती हे लहानपणी शिकली होती. "आत फक्त खटके असतात. दिव्याचं बटण असतं ना, तसे, पण डोळ्यांना न दिसणारे. अब्जावधी. प्रत्येक खटका एकतर चालू, नाहीतर बंद. तिसरं काही नाही. राघूमध्ये ज्या क्रमानं चालू-बंद आहेत, त्याच क्रमानं डबीतले खटके लावत जायचं. एवढंच चाललंय."

"एवढंच?"

"एवढंच."

शाल्मली लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघत राहिली. म्हणजे आजी आजोबांसमोर बसून राघूला दटावायची, ते त्यात होतं. भुवई वर गेली तर राग, डोळे मिटले तर थकवा, हे त्यात होतं. आजीला आजोबा जितके कळले होते तितके, सगळेच्या सगळे, चालू-बंद, चालू-बंद, चालू-बंद. त्या अब्जावधी खटक्यांपैकी एकाही खटक्याला आजोबा माहीत नव्हते. वाळूच्या कणाला काय माहीत असणार? पण ते सगळे ठराविक क्रमानं उभे राहिले, की त्यांना आजोबा कळत होते!

तिच्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे. रात्री गच्चीवर झोपून आकाश बघताना येतो, तसा.

"आणि इकडे प्रत चाललीय म्हणून तिकडचं कमी नाही होत?"

"नाही. तुला मी लाडू दिला तर माझ्याकडचा एक कमी होतो. तुला गाणं शिकवलं तर माझ्याकडचं कमी होतं का?"

दिवा स्थिर झाला. टिंग! या वेळी शाल्मलीनं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिनं आधी आकार तपासला. इकडे जेवढा, तिकडे तेवढाच. मग डिस्क कणकेच्या यंत्राला जोडली आणि स्वतः चार पावलं मागे जाऊन उभी राहिली.

"आई, तू."

राघू विझलेलाच होता. आई यंत्रासमोर बसली. "अण्णा, मी काही विचारत नाही. तुमच्या मनात आत्ता जे असेल ते म्हणा."

आजोबांनी यंत्राकडे बघितलं. मग लेकीकडे. त्यांच्या डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलली. "इंजिन... नऊ... फळी फळी... जास्वंद," ते म्हणाले आणि त्यांची एक भुवई किंचित वर गेली.

यंत्राचा डोळा त्यांच्यावर रोखला गेला. आत काहीतरी घुरघुरलं. आणि पीठ माखलेल्या त्या लाल यंत्रातून, कणीक तयार आहे असं सांगणाऱ्या त्याच घोगऱ्या आवाजात, शब्द आले :

"सुलू, तुझी आई इथं असती तर म्हणाली असती, परीक्षा राहू दे, आधी त्या यंत्राचं थोबाड पुसा."



मग आई हसायला लागली. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. "अगदी अस्संच म्हणाली असती ती! अगदी अस्संच!" आजोबांचे खांदे हलत होते. आणि शाल्मली जागची हललीच नाही. मघाशी शेव विचारणारं ते यंत्र! त्यात नवी तारही घातली नव्हती, नवा स्क्रूही नाही. आणि आता त्याच्यात आजोबांची चेष्टा होती, आजीची शिस्त होती.

"आजोबा," राघूचा दिवा लागताच तिनं विचारलं, "मग राघू कुठं आहे? तुमच्या खांद्यावर, की कणकेच्या यंत्रात?"

"एखादी चाल पेटीवर वाजवली, मग तीच बासरीवर वाजवली," आजोबा राघूमधून म्हणाले, आणि नेमकं तेच, अर्ध्या क्षणानं, समोरचं लाल यंत्रही म्हणालं. दोघांचे आवाज एकमेकांत मिसळले. "तर चाल कुठं असते? पेटीत की बासरीत?"

शाल्मलीनं एकदा राघूकडे बघितलं, एकदा यंत्राकडे. तिला कळलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग तिनं डिस्कची आणखी एक प्रत काढली. ती आईनं पर्समध्ये टाकली. केंद्रातल्या थंड खोलीत, बियाण्यांच्या नमुन्यांशेजारी ती राहणार होती. "एकाच घरात दोन्ही ठेवल्या आणि घरालाच काही झालं तर?" आई म्हणाली. शाल्मलीनं मान डोलावली.

आता फक्त 'हो' उरलं होतं.

"तू दाब," आजोबा म्हणाले. ते राघूचे जुन्या व्यवस्थेतले शेवटचे शब्द.

शाल्मलीनं दाबलं. हिरवा दिवा विझला. पडदा काळा झाला, मग पांढरा, मग त्यावर एक गोल फिरत राहिला. अखेर निळा दिवा लागला, अगदी नवाकोरा, आणि एक गोड आवाज म्हणाला, "नमस्कार! मी आपला नवा वाचासहायक. आपलं नाव सांगाल का?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. राघू आजोबांना ओळखत नव्हता. रंगाऱ्यानं चौकट पुसली होती.

आजोबांनी कष्टानं प्रयत्न केला. "मु... मुकु... दरवाजा."

"आपल्याला भेटून आनंद झाला, दरवाजा!"

 शाल्मली थांबली नाही. तिनं डिस्क जोडली. 'जुनी स्मृती सापडली. नव्या व्यवस्थेला समजेल अशा रूपात मांडून परत बसवायची का?' तिनं आजोबांकडे बघितलं. त्यांनी डोळ्यांनीच हो म्हटलं. दिवा पुन्हा लुकलुकायला लागला, या वेळी उलट्या दिशेनं, डबीतून राघूकडे. चालू-बंद, चालू-बंद. आई खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून उभी होती.

दिवा स्थिर झाला.

आजोबांनी ओठ ओलावले. ते काहीतरी लांबलचक पुटपुटले, मध्ये टोपी होती, गोट्या होत्या, बोटांचा एक फेरा होता.

"माझी भाषा घरी आली," राघू म्हणाला. "आता कुणीतरी मला चहा द्या. साखर दाबून. आणि डॉक्टरांना सांगू नका."

आई चहा टाकायला आत पळाली, अगदी इंजिनासारखी. शाल्मली आजोबांच्या पायाशी फरशीवर बसली. बाहेर ऊन पिवळं झालं होतं. आजोबा बराच वेळ तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी एक शब्द उच्चारला. "कंदील."

 राघूचा निळा दिवा हळू लुकलुकला. "हा शब्द माझ्या स्मृतीत नाही. याचा अर्थ कुणी सांगेल का?"

शाल्मली दचकली. "गेला? काहीतरी राहून गेलं?"

आजोबांनी जोरजोरात मान हलवली. राहून गेलं नव्हतं. हा शब्द नवा होता. आजोबांनी आज पहिल्यांदाच म्हटला होता.

शाल्मली गुडघ्यांवर उभी राहिली. तिनं आजोबांच्या भुवया बघितल्या. बोटं बघितली. "अंधार झाला म्हणता? दिवा लावू?" नाही. "दिवाळी?" नाही! "मग... म्हणा बरं पुन्हा."

"कंदील." आजोबांनी तिच्याकडे बोट केलं, मग राघूकडे, मग आपल्या ओठांना हात लावला.

शाल्मली विचार करत राहिली. आणि मग तिचा चेहरा उजळला. "शिकव! मी राघूला शिकवावं, असं म्हणताय तुम्ही?"

आजोबांनी डोळे मिटून मान डोलावली.

"अरे शहाण्या," शाल्मली राघूकडे वळून म्हणाली, "कंदील म्हणजे शिकव. बोट पुढे करून म्हणाले तर. कळलं का?"

"कळलं," राघू म्हणाला.

आतून चहाचा वास आला. काळ्या डबीतली आणि आईच्या पर्समधली, अशा दोन्ही प्रती आता एका शब्दानं मागे पडल्या होत्या, आणि शाल्मली पुढच्या शब्दासाठी कान टवकारून बसली होती.